मुठीतली ठिपक्यांची रांगोळी : चाकूसाठी मोझेक पिन घरी करताना

येळ्ळूरकर (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

दीड वर्ष झालं, सुट्टीच्या दिवशी मी चाकू करतो. नोकरी बेळगावच्या उद्यमबागेत, मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला. दिवसभर हातात मापं घ्यायचे व्हर्निअर आणि मायक्रोमीटर. घरी परसात छोटी भट्टी आहे, एक जुनी ऐरण आहे. ट्रकच्या पाट्याचं पोलाद घेऊन त्याची भाजीची सुरी, नारळ फोडायचा कोयता असं काहीबाही करतो. आज मात्र पात्याबद्दल लिहायचं नाही. मुठीत जी पिन घालतात तिच्याबद्दल लिहायचं आहे, कारण त्या पिनने माझे चार महिने खाल्ले आणि हातात जे आलं ते सगळ्यांना सांगावंसं वाटतंय.

घरातल्या जुन्या सुरीच्या मुठीवर पितळी रिवेटचे दोन-तीन पिवळे ठिपके असतात, ते आठवा. लाकडाच्या दोन पट्ट्या पात्याच्या दोन अंगांना लावायच्या आणि आरपार रिवेट घालून ठोकायचं, अशी ती रीत. मोझेक पिनमध्ये तो ठिपका भरीव नसतो. एका पातळ नळीत बारीक सळया, तारा, आणखी बारीक नळ्या रचतात, मधल्या फटींत रंग मिसळलेला इपॉक्सी (दोन भाग मिसळले की घट्ट होणारा डिंक) भरतात. तो घट्ट झाला की ती कांडी कुठेही कापा, तोंडावर तीच नक्षी दिसते. पितळ, तांबं, स्टील यांचे वेगवेगळे रंग आणि मध्ये काळा किंवा लाल भराव. मूठ घासून पॉलिश केली की लाकडात जडवलेलं फूल वाटतं.

सगळ्यात सोपी नक्षी सात सळयांची. मधे एक, भोवती सहा. एकसारख्या जाडीच्या सात सळया गोलात अशा बसतात की नळीचा आतला व्यास बरोबर सळीच्या तिप्पट लागतो. हे गणित मी पहिल्याच दिवशी मांडलं आणि फसलो. ८ मिमीची नळी आणली, भिंत १ मिमी, म्हणजे आत ६ मिमी. सळया २ मिमीच्या. सहाला तीनाने भाग जातो म्हणून खूश. सहा सळया सहज गेल्या, सातवी जाईना. हातोडीने ठोकली तर नळी फुगली. तिप्पट हे कागदावरचं माप आहे. सळीवर थोडा गंज असतो, थोडा बाक असतो, नळी आतून पूर्ण गोल नसते. शिवाय इपॉक्सीला आत शिरायला वाट हवीच. इन्स्पेक्शनवाल्या माणसाने क्लिअरन्स, म्हणजे मापातली मोकळीक, सोडायचा विसरावा, याचं मला फार वाईट वाटलं.

आता मी जे माप वापरतो ते असं : नळी बाहेरून ६ मिमी, भिंत अर्धा मिमी, म्हणजे आत ५. सळया १.६ मिमीच्या. तीन सोळा अठ्ठेचाळीस, म्हणजे ४.८. ०.२ मिमी मोकळी राहते आणि सातही सळया बोटाने ढकलल्या की जातात, पण हलत नाहीत. १.६ मिमीची स्टीलची सळी टिग वेल्डिंगवाल्यांकडे मिळते, त्याच जाडीची पितळी सळी ब्रेझिंगवाल्यांकडे. गेजमध्ये (तारेच्या जाडीचा नंबर) विकत घेणाऱ्यांसाठी : १६ गेज म्हणजे १.६३ मिमी, हेही चालतं. १४ गेज २.०३ भरतं, ते ६ मिमीच्या भोकात सातदा बसणार नाही, पैसे घालवू नका. आणि दुकानात छापील मापावर जाऊ नका. नळीचं तोंड व्हर्निअरने दोन दिशांनी मोजा.

पहिली नीट जमलेली कांडी कापली, तिचं तोंड पॉलिशपेपरवर घासलं आणि आईला दाखवायला स्वयंपाकघरात गेलो. तिने चष्मा वर सरकवून बघितलं आणि म्हणाली, "ही तर तीन ते दोन ठिपक्यांची."

मी पुन्हा बघितलं. वर दोन, मधे तीन, खाली दोन. खरंच. मी दोन महिने कंपास घेऊन वहीत वर्तुळं काढत बसलो होतो, आणि ती मांडणी आमच्या उंबऱ्याबाहेर मी जन्मल्यापासून रोज सकाळी पडत होती. मग ती म्हणाली, "पाच ते तीनची कर की. ती भरलेली दिसते." पाच ते तीन म्हणजे ३-४-५-४-३, एकूण १९ ठिपके. त्याच पिनेवर सध्या काम चालू आहे. कोणी केली असेल तर सांगा. आणि कोणाला सातची करायची असेल तर विचारा, माहीत आहे ते सगळं सांगतो.


नंदगडचा

दादा, बरं झालं धागा काढलासा. मी पण हेच करूलालोय सहा महिने आणि डोकं फिरायची वेळ आलीय. माझ्या दोन अडचणी आहेत.

पहिली, बुडबुडे. कांडी बाहेरून एकदम ठीक दिसते, कापली की तोंडावर एखादी फट रिकामी. घासत गेलं की ती भरते, पुढे परत दुसरी रिकामी. सिरिंजने वरून इपॉक्सी सोडतो.

दुसरी, तांब्याची तार म्हणून मी आणली ती कापल्यावर आत पांढरी निघाली. आणि मूठ एकदा धुतली तर आठ दिवसांत त्या ठिपक्यांवर तांबेरा चढला. दुकानदाराने फसवलं काय?


येळ्ळूरकर

फसवलं नसावं. तुम्ही सीओटू वेल्डिंगची तार आणली असणार. ती लोखंडाची असते, वर तांब्याचा नुसता मुलामा. आपल्याला तार आडवी कापलेली दिसते, तेव्हा मुलामा कुठे दिसणार? चुंबक लावून बघा, चिकटला तर परत करा. खरं तांबं हवं असेल तर जुन्या घरांच्या वायरिंगमधली एकेरी तार सगळ्यात चांगली. दीड चौरस मिमीची तार जाडीला १.३८ मिमी भरते, अडीचची १.७८, चारची २.२६. भंगारात वजनावर मिळते. प्लास्टिक जाळून काढू नका, धूर फार वाईट, ब्लेडने सोला.

तार वाकडी असेल तर एक टोक व्हाइसमध्ये धरा, दुसरं ड्रिलच्या चकमध्ये. ड्रिल हळू फिरवत मागे ओढा. सुतासारखी सरळ होते आणि थोडी कडकही होते.

बुडबुड्यांचं सविस्तर लिहितो, कारण सगळी पिन तिथेच बिघडते.

सात सळया नळीत उभ्या केल्या की फटी किती होतात ते मोजा. मधल्या सळीभोवती सहा बारीक तिकोनी फटी, आणि बाहेरच्या सळया व नळीच्या भिंतीमध्ये सहा मोठ्या. एकूण बारा. सळया एकमेकींना चिकटून असल्यामुळे या बारा वेगळ्या बोगद्यांसारख्या आहेत, एकीतून दुसरीत इपॉक्सी जवळजवळ जात नाही. वरून ओतलं तर मोठ्या सहा फटी आधी भरतात, लहान सहांमध्ये हवा कोंडते आणि तिला वर यायला वाट उरत नाही. सिरिंज कितीही जोरात दाबा, इपॉक्सी सोप्या वाटेनेच जाणार.

म्हणून मी उलटं करतो. नळीचं खालचं तोंड लाकडी खुंटीने गच्च बंद करतो आणि वर टेप गुंडाळतो. आधी मातीचा बोळा लावला होता, तो दाबाने उडून गेला, तेव्हा खुंटीच. नळी उभी धरून तिच्यात आधी इपॉक्सी घालायचा, सळया नंतर. किती घालायचा त्याचंही गणित आहे. १.६ च्या सात सळया ५ मिमीच्या भोकाचा साधारण ७२ टक्के भाग व्यापतात, म्हणजे २८ टक्के मोकळा. १५० मिमीच्या नळीत ४२ मिमी उंचीचा इपॉक्सी पुरतो, मी ५० मिमी घालतो. मग सातही सळयांना हाताने इपॉक्सी माखायचा, दोऱ्याने जुडी बांधायची, खालची टोकं कानशीने जराशी निमुळती करायची, आणि जुडी सावकाश फिरवत खाली ढकलायची. सळया जसजशा खाली जातात तसतसा इपॉक्सी बाराही फटींतून वर चढतो आणि हवेला पुढे घालून बाहेर काढतो. वरच्या तोंडातून सगळीकडून काळा इपॉक्सी उतू आला की समजायचं भरलं. घाई केली तर जमत नाही. मला एका कांडीला दहा मिनिटं लागतात.

त्यासाठी इपॉक्सी सावकाश घट्ट होणाराच हवा. पाच मिनिटांत घट्ट होणारा अर्ध्या वाटेवरच हात सोडतो. मी साधा अॅरल्डाइट वापरतो, जो रात्रभर घेतो. मिसळण्याआधी रेझिनची ट्यूब गरम पाण्यात ठेवली की तो पातळ होतो आणि फटींत सहज शिरतो. मात्र गरम केल्यावर हातातला वेळही कमी होतो, तेव्हा सळया, दोरा, खुंटी सगळं आधी मांडून ठेवा.

नळी आतून घासायला विसरू नका. एका तारेला पॉलिशपेपरची पट्टी गुंडाळून आत फिरवा, मग ॲसिटोनने धुवा. सळयाही तशाच. बोटाचा तेलकटपणा राहिला तर कांडी कापताना मधली सळी सुटून हातात येते. हातात नायट्राइलचे मोजे घाला. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा अंगाला लागली की जात नाही.


शेंबी

मी चिकोडी भागातला. आमच्या आज्याचं काम लोहाराचं, माझं नाही, पण लहानपणी भाता ओढलाय. मनापासून एक विचारतो, राग मानू नका.

आमच्याकडे विळा-कोयत्याला मूठ बसवायची तर पात्याचं शेपूट लाल करून बाभळीच्या मुठीत जाळत घालायचे, वर शेंबी, म्हणजे मुठीच्या तोंडाचं धातूचं कडं, चढवायची. मोठ्या हत्यारांना लाख आणि विटेची भुकटी एकत्र तापवून भरायचे. जुन्या तलवारींच्या मुठीही लाखेनेच बसवलेल्या असतात. ऊसतोडीत तो कोयता दिवसभर आपटायचा आणि मूठ हलायची नाही. तुमच्या या पिनेत तारा आणि डिंकच आहे. ही मूठ धरून ठेवणार काय? दिसायला सुंदर आहे, मान्य. पण हत्यारात जे काम करत नाही ते घालावं काय, हा माझा प्रश्न.


येळ्ळूरकर

राग कसला, हा प्रश्न मलाही पडला होता, आणि तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे. मोझेक पिन भरीव पितळी पिनेइतकी मजबूत नाही. तिला दोन्ही बाजूंनी ठोकून रिवेटसारखं फुलवताही येत नाही, ठोकली तर आतला इपॉक्सी तडकतो. म्हणून मी तीन पिनांची मूठ करतो. पुढची आणि मागची भरीव पितळी, मधली मोझेक. बाजूला सरकवणारा जोर त्या दोघी घेतात. मूठ धरून ठेवण्याचं खरं काम पट्ट्या आणि पोलाद यांच्यामधल्या इपॉक्सीचं आहे, आणि ते तेव्हाच होतं जेव्हा पोलाद खरबरीत घासलेलं आणि स्वच्छ असेल, आणि क्लॅम्प इतका आवळलेला नसेल की सगळा इपॉक्सी बाहेर निघून सांधा कोरडा पडेल.

ऊसतोडीच्या कोयत्याला मी ही पिन घालणार नाही. तिथे तुमच्या आज्याचीच रीत बरोबर. घरच्या सुरीत, जी रोज हातात येते आणि वर्षानुवर्षं राहते, तिथे मला ती घालावीशी वाटते. आज्यांनी शेंबीवर कधी रेघा-नक्षी काढली नव्हती का?


शेंबी

काढायचे. पितळेच्या शेंबीवर छिन्नीने तीन रेघा. आमच्या घरचं काम म्हणून लांबूनही ओळखू यायचं. बरोबर आहे तुमचं. लिहा पुढे, वाचतोय.


लेथवाले काका

उद्यमबागेत तीस वर्षं लेथवर आहे. येळ्ळूरकर, माप नीट सांगितलंस. भोकाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

एक. पात्याला भोक पाणी देण्याआधीच पाडा. एकदा पोलाद कडक झालं की साधा ड्रिल त्याच्यावर नुसता घासतो, मग कार्बाइडचा आणावा लागतो आणि तोही वाकडा गेला की मोडतो. पात्यातलं भोक पिनेपेक्षा थोडं मोठं ठेवलं तरी चालतं, लाकडातलं मात्र बेताचं हवं, कारण दिसतं ते लाकडातलं.

दोन. ६ मिमीची नळी म्हणून आणलेली कधी ५.९५ असते, कधी ६.०५. पिन तयार झाल्यावर तिचं माप घे आणि त्याप्रमाणे ड्रिल निवड. आधी भंगार लाकडात भोक पाडून पिन घालून बघ. बोटाने सरकली पाहिजे. ठोकून घालावी लागली तर फणसासारखं लाकूड उभं चिरतं, आणि सगळा इपॉक्सी खरवडून बाहेर येतो.

तीन. लाकडाखाली दुसरी फळी घट्ट धरून मगच ड्रिल आरपार घाल. नाहीतर खालच्या तोंडाला चिंध्या निघतात, आणि नक्षीदार पिनेभोवती चिंधी फार वाईट दिसते.

चार, सगळ्यात महत्त्वाचं. घासायच्या मशीनच्या बेल्टवर पिन घासताना ती तापते. पितळ आणि तांबं उष्णता चटकन आत नेतं. घरगुती इपॉक्सी साठ अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतो. बोटाला चटका बसला म्हणजे आत नक्षी बिघडायला लागली असं समज. घास, पाण्यात बुडव, घास. शेवटचा अर्धा मिमी हातानेच, चारशे, सहाशे, हजार नंबरच्या पॉलिशपेपरने.


नंदगडचा

काका, हे माझ्या बाबतीत झालंय की ओ. बेल्टवर घासली आणि मधली सळी अर्धा मिमी वर आली. मला वाटलं सळी सैल होती.


लेथवाले काका

सैल नव्हती बाळा, तापली होती.


अंगणातली

मी चाकू करत नाही, पण ठिपके रोज काढते. कडोलीला आमच्या गल्लीत दिवाळीला रांगोळ्यांची चढाओढ असते, म्हणून रांगोळीवाल्या बाजूने लिहिते.

"पाच ते तीन" म्हणजे मधली ओळ पाचची, वर-खाली एकेक कमी होत तीनपर्यंत, आणि प्रत्येक ठिपका वरच्या दोघांच्या मधोमध. असं मधोमध मांडलं तरच सहा पाकळ्या होतात. समोरासमोर मांडलेले ठिपके चौकोनी होतात, ते तुमच्या गोल नळीत बसणार नाहीत. सात ते चार केलं तर ३७ ठिपके. नऊ ते पाच तर ६१.

आता रंगाचं. सगळे ठिपके एकाच धातूचे असतील तर १९ असोत की ३७, लांबून नुसता दाणेदार गोल दिसणार. मधला एक तांब्याचा, त्याभोवती सहा पितळी, बाहेरच्या बारांत सहा कोपऱ्यांवर स्टील आणि मधल्या सहा जागी तांबं, असं करून बघा. डोळा आधी कोपऱ्यांवर जातो आणि मग आत फिरतो. रांगोळीत आम्ही कोपऱ्याच्या ठिपक्यांवरच गडद रंग भरतो, त्याचं कारण हेच. आणि काळ्याऐवजी लाल हवा असेल तर रांगोळीचाच रंग इपॉक्सीत घालता येईल का?


येळ्ळूरकर

ताई, हे वाचून मी वहीतली मांडणी खोडून पुन्हा काढली. कोपऱ्यांवर स्टील, नक्की करतो.

रांगोळीचा रंग नका घालू. ती दगडाची भुकटी असते, बोटांच्या चिमटीतून सुटावी म्हणून मुद्दाम दाणेदार ठेवलेली. मधल्या तिकोनी फटी पाव मिमीच्याही आतल्या आहेत, तिथे दाणा अडकतो आणि पुढचं सगळं तुंबतं. लालसाठी गेरू चालतो, अगदी बारीक वाटून कापडातून गाळून आणि उन्हात खडखडीत वाळवून. काळ्यासाठी मी प्रिंटरचा टोनर घालतो. दिव्यावर धरलेली काजळीही चालते, पण तिच्यात तेल-तूप उतरलेलं नसावं. कुठलाही रंग चिमूटभरच, जास्त झाला तर इपॉक्सी कच्चा राहतो. पाण्यात कालवलेला पोस्टर कलर अजिबात नको.


माती_आणि_पाऊस

खानापूरहून. आमचा कुंभारकामाचा व्यवसाय, चाकू हा जोडछंद. कुंभारकामात जे शिकलो ते इथे उपयोगी पडेल म्हणून लिहितो : पाऊस लक्षात घ्या.

जून ते सप्टेंबर आमच्याकडे हवा इतकी ओली असते की इपॉक्सीवर मेणासारखा चिकट थर येतो. तो कोमट पाण्याने आणि कापडाने पुसून मगच पुढचं काम करावं, नाहीतर त्यावर काही चिकटत नाही. मी पावसाळ्यात कांड्या भरून त्या रात्री बंद खोक्यात ठेवतो, आत जुन्या पद्धतीचा चाळीसचा बल्ब लावून. ऊबही मिळते आणि हवा कोरडी राहते.

लाकडाचंही तेच. पावसाळ्यात ओलावा प्यालेल्या शिसवाची मूठ केली, पिन लाकडाच्या बरोबरीने घासली. एप्रिलमध्ये बोट फिरवलं तर पिन वर आलेली. पिन वर आली नव्हती, लाकूड आकसून खाली गेलं होतं. धातू जागच्या जागीच असतो. तेव्हापासून मी लाकूड कापून निदान एक उन्हाळा माळ्यावर ठेवतो आणि मूठ फेब्रुवारी-मार्चमध्ये बसवतो.

फिक्या लाकडाबद्दल एक. आंब्याच्या किंवा फणसाच्या मुठीवर पिन घासली की पितळेचा काळपट कीस लाकडाच्या छिद्रांत जाऊन बसतो आणि पिनेभोवती मळकट कडं उमटतं. घासण्याआधी लाकडावर पातळ लाखेच्या पॉलिशचे दोन हात द्या. छिद्रं बंद होतात, कीस पुसला की निघतो.


मूळचा_शहापूरचा

मी आता बेंगळुरात असतो, पण जीव तिकडेच. दोन प्रश्न. बेळगावात पातळ पितळी नळी मिळते कुठे? मी गेल्या खेपेला खडे बाजारात दोन ठिकाणी विचारलं, सगळ्यांकडे जाड भिंतीचीच. एकाने तर "हित्ताळे कोळवे" (कन्नडमध्ये पितळी नळी) म्हणून गॅसच्या शेगडीची नळी काढून दिली.

दुसरं, बीदरचं काम कोणी पाहिलंय का? जस्त आणि तांब्याच्या ओतीव भांड्यावर चांदीची तार ठोकून बसवतात आणि मग बीदरच्या किल्ल्यातली माती लावून बाकीचं भांडं काळं करतात. चांदी तशीच पांढरी राहते. काळ्यावर पांढरं, तेवढंच. तुमची स्टीलच्या सळ्यांची आणि काळ्या भरावाची पिन मला त्याच घराण्यातली वाटली. आपल्याच राज्यातलं काम आहे, बघून ठेवण्यासारखं.


येळ्ळूरकर

बिदरीचा एक हुक्का मी संग्रहालयात काचेआडून पाहिलाय. त्या काळ्या रंगाला इतकी खोली आहे की टोनरचा काळा त्याच्यापुढे कोळशासारखा कोरडा वाटतो. तरी काळा भराव पूर्ण काळाच ठेवायचा, त्यात चमकी घालायची नाही, हे मी तिथूनच घेतलं.

नळीसाठी एक युक्ती. जुन्या रेडिओची किंवा टीव्हीची ओढून लांब करायची एरियल भंगारात शोधा. तिचे भाग बहुधा पितळी असतात, वर क्रोम. एकात एक बसणाऱ्या पातळ भिंतीच्या नळ्या आयत्याच मिळतात. बाहेरचा क्रोम घासून काढा किंवा ठेवा. लाकडात तो दिसतच नाही, दिसते ती कापलेली कडा आणि ती पिवळीच. एका एरियलमध्ये तीन-चार मापं निघतात, आणि त्यातली बारीक नळी मधल्या सळीच्या जागी घातली तर फुलाला पोकळ गाभा मिळतो.


येळ्ळूरकर

तीन आठवड्यांनी लिहितोय. पाच ते तीनची कांडी झाली.

मापाचा घोळ इथे जास्त होता. १९ ठिपक्यांना नळीचा आतला व्यास सळीच्या पाचपट लागतो, कारण एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत पाच सळया येतात. माझी नळी आत ५ मिमी, म्हणजे तार १ मिमीला किंचित कमी हवी. २० गेज ०.९१ भरते. पाचपट केली तर ४.५७, एवढी ढिली की मांडणी ढासळते. १९ गेज १.०२, जातच नाही. मधलं माप बाजारात नाही.

मग तार ओढली. तांब्याची १ मिमीची तार गॅसवर मंद लाल करून पाण्यात विझवली, म्हणजे ती मऊ पडते. एक टोक व्हाइसमध्ये, दुसरं लाकडी दांड्याला गुंडाळून मागे झुकलो. एक मीटरची तार एक मीटर पाच सेंटिमीटर होईपर्यंत. लांबी पाच टक्के वाढली की जाडी अडीच टक्के कमी होते, धातू तेवढाच असतो ना. मायक्रोमीटरवर ०.९७ ते ०.९८ आली. पाचपट ४.८८. मला नेमकं हेच हवं होतं. पितळी तारही तशीच मऊ करून ओढली. स्टीलची मात्र ओढली जाईना, ती अशी मऊ पडली नाही, म्हणून हजारच्या पॉलिशपेपरमधून ड्रिलवर फिरवत घासून माप काढलं. सहाच होत्या, जमलं.

जुडी बांधायला सगळ्यात जास्त वेळ गेला. १९ तारा हातात धरून षटकोन राहत नाही. शेवटी पुठ्ठ्यावर आईकडून पाच ते तीन ठिपके काढून घेतले, प्रत्येक ठिपक्यावर सुईने भोक पाडलं, असे दोन पुठ्ठे केले आणि तारा त्यांतून ओवल्या. दोन्ही पुठ्ठे जवळ आणत जुडी आवळली, दोरा बांधला, मग पुठ्ठे फाडून काढले. भराव वर सांगितल्याप्रमाणे खालून वर. दोन दिवस उभी ठेवली.

कांडीवर टेप गुंडाळून बारीक दातांच्या करवतीने कापली, प्रत्येक बाजूला एक मिमी जास्त ठेवून. पहिल्या कापाचं तोंड घासलं तर १९ पैकी १८ ठिपके जागेवर, एक बाहेरचा तांब्याचा जरासा आत सरकलेला. दुसऱ्या टोकाकडून कापलं तिथे सगळे जागेवर. तीच बाजू आईच्या सुरीला वापरली. मूठ वाळलेल्या शिसवाची, पुढे-मागे भरीव पितळ.

काल संध्याकाळी तिला दिली. तिने अंगठा पिनेवरून दोनदा फिरवला, वर आलीय का बघायला असेल. मग बोट ठेवून मोजलं, तीन, चार, पाच, चार, तीन. "कोपरे पांढरे केलेस ते चांगलं झालं," म्हणाली आणि गवार निवडायला बसली. ताई, ते श्रेय तुमचं, मी तिला सांगितलंय.


अंगणातली

वाचून फार बरं वाटलं. आईंना नमस्कार सांगा. उद्या दारात मी तशीच काढणार आहे, कोपरे पांढरे ठेवून.


नंदगडचा

दादा, पुठ्ठ्याची युक्ती मला हाताने बघायला पाहिजे. येत्या रविवारी येऊ काय? एरियल मिळालीय एक, चार भागांची. आणि काका पण येणार असतील तर भोकाचं विचारून घेतो.


लेथवाले काका

दहाला येतो. ड्रिलचा संच आणतो, ५.९ पासून ६.२ पर्यंत.


येळ्ळूरकर

या दोघंही. बस येळ्ळूरच्या स्टॉपवर उतरवते, तिथून फोन करा, घ्यायला येतो. नंदगडकर, ॲसिटोन संपलंय, येताना एक बाटली घेऊन या.